घरगुती फराळाचा जोडधंदा: स्वतःच्या श्रमांची किंमत दरात धरावी का?

केळफूल (पुणे)

मी एका खासगी कार्यालयात नोकरी करते आणि गेली काही वर्षे दिवाळीच्या सुमारास सासूबाईंच्या मदतीने चकली, चिवडा आणि अनारसे करून विकते. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीतील चार घरे आणि कार्यालयातील मैत्रिणी एवढेच होते. आता मागणी वाढली आहे आणि दिवाळी नसतानाही चकलीची विचारणा होते, म्हणून हा उद्योग वर्षभर चालवावा असा विचार मनात आहे.

प्रश्न दराचा आहे. भाजणी, तेल, तीळ-तिखट, गॅस आणि पाकिटे धरून एक किलो तयार चकलीला मला १९० रुपये खर्च येतो आणि मी ती ३८० रुपयांनी विकते. कागदावर निम्मा नफा दिसतो. परंतु संध्याकाळी सात ते साडेदहा आम्ही दोघी राबतो, तेव्हा साडेतीन किलो चकली होते. म्हणजे ६६५ रुपये सुटतात आणि दोघींचे मिळून सात तास खर्ची पडतात. तासाला ९५ रुपये. यजमानांचे म्हणणे असे की, हा नफा नसून आमचीच मजुरी आहे आणि ती आधी खर्चात धरली पाहिजे. सासूबाईंना हा विचारच पटत नाही. घरच्या माणसाने घरात केलेल्या कामाचा हिशेब कसला मांडायचा, असे त्या विचारतात. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई तासाला ८० रुपये दिल्यास मदतीला येण्यास तयार आहेत. ज्यांनी असा उद्योग केला आहे, त्यांनी दर कसे ठरवले?

तिरकस

सासूबाईंना त्यांच्या तासाचा दर सांगताना घरातील सोऱ्या आणि झारा आधी नजरेआड ठेवावा. बाकी सल्ले जाणकार देतीलच.

हिशेबनीस (नाशिक)

केळफूल, आपण हिशेब मांडलात हे उत्तम केलेत, पण तो अपुरा आहे. संध्याकाळी सात वाजता आपण पीठ भिजवायला घेता. त्याआधी तांदूळ आणि डाळी धुऊन वाळवणे, प्रत्येक धान्य वेगळे भाजणे, गिरणीत जाऊन भाजणी दळून आणणे, नंतर पाकिटे भरणे, फोनवर नोंदणी घेणे आणि घरपोच देणे, हे सगळे तास कुठे आहेत? साडेतीन किलोमागे ही कामे चार तासांची जरी धरली, तरी सातचे अकरा तास होतात आणि ९५ रुपयांचे ६० होतात. पोळ्यांच्या बाई ८० रुपये मागतात. म्हणजे सध्याच्या दराने आपण ज्या दिवशी मदतनीस ठेवाल, त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक तासामागे आपल्याला पदरचे २० रुपये घालावे लागतील. धंदा आज चालतो आहे तो दोन माणसे बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात राबतात म्हणून, आणि मागणी वाढली की नेमका तिथेच तो अडकेल.

दुसरे असे की, तिन्ही पदार्थ एकाच तागडीत तोलू नयेत. पातळ पोह्यांचा चिवडा मंद आचेवर भाजून फोडणीत परतायला फार वेळ लागत नाही. अनारशांचे तसे नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, पंचावर वाळवून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचे, आणि एवढे करूनही तळताना एखादा अनारसा तुपात हसला म्हणजे विरघळला की संपले. प्रत्येक अनारसा खसखशीवर थापून एकाच बाजूने तळायचा आणि उभा करून निथळायचा असल्याने हात उचलता येत नाही. पदार्थागणिक तास मोजा. माझा अंदाज असा की चिवडा आपल्याला पोसतो आहे आणि अनारसे आपण हौसेने विकत आहात.

तळणीच्या तेलाचाही हिशेब ठेवा. उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरून खर्च कमी दाखवण्याचा मोह होतो. तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल वारंवार तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या घटकांचे) एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही, अशी मर्यादा २०१८ पासून आहे. घरी हे मोजायला यंत्र नसते, म्हणून तेल काळसर होऊन फेसाळू लागले की काढून टाकावे आणि त्याची किंमत चकलीवरच लावावी.

शेवग्याची_शेंग (ठाणे)

हिशेबनीस यांच्या आकडेमोडीशी माझे भांडण नाही, पण दृष्टिकोनाशी आहे. संध्याकाळचे ते साडेतीन तास केळफूल अन्यत्र कुठे विकणार होत्या? ज्या वेळेला दुसरे गिऱ्हाईकच नाही, त्या वेळेची किंमत कागदावर लिहून ती खर्चात धरली, तर बहुतेक घरगुती उद्योग जन्मालाच येणार नाहीत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तासाचा दर ठरवला होता काय? त्यातूनच लिज्जत उभी राहिली आणि संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आधी हात चालवावेत, तासांचे गणित नंतर जमते.

हिशेबनीस (नाशिक)

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. लिज्जतमध्ये बहिणी सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवून आणून देतात आणि जितके किलो पापड, तितकी वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी त्यांना मिळते. ती मजुरी खर्चात धरली जाते, आणि तिच्यानंतर जे उरते तो नफा, जो पुन्हा सभासद बहिणींमध्येच वाटला जातो. तासाचा नाही, पण किलोचा दर तिथे ठरलेला आहे. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा ठेवल्यामुळेच सात जणींचे काम हजारो जणींपर्यंत पोहोचू शकले.

शेवग्याची_शेंग (ठाणे)

वणाईचा मुद्दा मान्य आहे. पण वणाई देण्यासाठी आधी पापड खपावे लागतात. केळफूल यांच्या चकलीला ३८० रुपये देणारी माणसे ४८० देतील याची हमी कोण देणार?

जुना_कारकून (छत्रपती संभाजीनगर)

विषय जोडधंद्याचा निघाला आहे म्हणून शासकीय सेवेतील वाचकांसाठी एक सावधगिरीची सूचना लिहितो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणताही व्यापार किंवा धंदा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे करता येत नाही. पत्नीच्या वा पतीच्या नावावर धंदा असेल तर तो चालतो, परंतु कुटुंबातील व्यक्ती व्यापारात असल्याचे कार्यालयाला कळवावे लागते. आमच्या कार्यालयात एक गृहस्थ पत्नीच्या मसाल्यांची पाकिटे कपाटात ठेवत आणि आवक-जावकच्या टेबलावर त्यांची शिफारस करत. कुणीतरी निनावी अर्ज केला आणि खुलासे लिहिता लिहिता त्यांचे एक वर्ष गेले. मसाला मात्र उत्तम होता. साहेबांच्या घरीही तोच जात असे.

खासगी नोकरीत असा सरसकट नियम नसतो, पण नेमणूकपत्रातील अटी एकदा वाचून पाहाव्यात. २०२२ मध्ये विप्रोने ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे गाजले होते. ती माणसे प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होती आणि चकली विकणे त्या वर्गात येत नाही, हे खरे. तरीही पुष्कळ नेमणूकपत्रांत अन्य कोणताही व्यवसाय करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी असे कलम असते. केळफूल, आपण कार्यालयातच विक्री करता, म्हणून हे विशेष लिहिले.

केळफूल (पुणे)

जुना_कारकून, आभारी आहे. नेमणूकपत्र काढून पाहिले. तसे कलम खरोखरच आहे. मनुष्यबळ विभागाला विपत्र लिहून परवानगी मागितली आहे. तोवर कार्यालयातील नोंदणी थांबवली आहे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर थोडी नाराजी पसरली आहे.

चौदा_अंकी (कोल्हापूर)

मी मसाले आणि लोणची विकतो. वर्षभर विक्री करायची असेल, तर दर ठरवण्याआधी कागदपत्रे पूर्ण करावीत, कारण त्यांचाही खर्च दरात येतो. मी सुरुवात केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असणाऱ्यांना एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मूलभूत नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. अर्ज संकेतस्थळावरून करता येतो. दलालाला हजार-दोन हजार देण्याची काहीही गरज नाही. नोंदणीनंतर जो चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, तर विनामूल्य आहे. आधार आणि पॅन एवढ्यावर ती होते.

पाकिटावर काय काय लिहायचे, याकडे बहुतेक घरगुती उद्योजक दुर्लक्ष करतात. पदार्थाचे नाव, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, तुकडी क्रमांक, आपले नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, इतके तरी हवेच. चिवड्यात शेंगदाणे असतील तर तेही स्पष्ट लिहा, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते. वजनाच्या बाबतीत माझा अनुभव असा की, पाव किलोच्या पाकिटात काट्याला काटा २५० ग्रॅम भरू नये, दोन-चार ग्रॅम जास्तच असावेत. एकदा वजन कमी भरले की ती गोष्ट संपूर्ण गल्लीला कळते.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही ती गॅसची. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमबाह्य आहे. वर्षभर तळण करणार असाल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागेल आणि त्याचा किलोमागे दर घरगुतीपेक्षा जास्त असतो. केळफूल यांच्या १९० रुपयांत गॅस घरगुती दराने धरला असावा, असा मला संशय आहे.

तिरकस

हा धागा असाच वाढत राहिला तर केळफूल यांची चकली सोन्याच्या भावाने विकावी लागेल आणि मग धनत्रयोदशीला तीच खरेदी करता येईल.

वहीखाते (सोलापूर)

कराबद्दल थोडक्यात लिहितो. पगारदार व्यक्तीने जोडधंद्याचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवणे आवश्यक आहे. रोख मिळाले म्हणून ते लपत नाही. छोट्या धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून वा यूपीआयने आले असतील तर त्या भागावर ६ टक्के, इतके उत्पन्न किमान दाखवले की तपशीलवार वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. प्रत्यक्षात जास्त नफा झाला असेल तर जास्त दाखवावा, हे ओघाने आलेच. वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, त्यामुळे केळफूल यांना सध्या चिंता नाही. परंतु बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला कुरियरने पाकिटे विकायची झाली तर प्रश्न बदलतो, कारण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला ती मर्यादा लागू नाही. धंद्यासाठी वेगळे बँक खाते मात्र आजच उघडा. घरखर्चाच्या खात्यात आलेले चकलीचे पैसे भाजीत कधी गेले ते कळत नाही.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकणे बेकायदा होते, हे वाचून आपणांस आश्चर्य वाटेल. आता दोन वर्षांचा परवाना मिळतो, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री करता येते, पण शीतकपाटाची गरज नसलेलेच पदार्थ चालतात, आणि आरोग्य विभागाने हे स्वयंपाकघर तपासलेले नाही असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. राज्याबाहेर पाठवता येत नाही. आमच्या मंडळातील एक काकू याच परवान्यावर शंकरपाळे भाजून विकतात. त्या प्रत्येक घाण्याची वेळ फळ्यावर खडूने लिहितात आणि दर ठरवताना राज्याचे किमान वेतन स्वतःला लावतात. त्यापेक्षा कमी सुटत असेल तर मी टीव्ही पाहीन, असे त्यांचे स्वच्छ मत आहे. शेवग्याची_शेंग यांच्या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकते: त्या साडेतीन तासांना गिऱ्हाईक नसेल, पण विश्रांतीलाही काही किंमत आहेच.

घाटमाथा (सातारा)

मी शेतकरी आहे आणि आमच्याकडे जोडधंदा म्हटला की दूध. हा धागा वाचताना वाटले की, केळफूल यांच्या सासूबाई आणि माझी आई एकाच शाळेत शिकल्या असाव्यात. संकलन केंद्रावर पहाटे दूध घालायचे, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील बाकीचे घन पदार्थ) लागेल त्याप्रमाणे दर मिळतो, गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ ही प्रमाण मानून त्याच्या खाली पॉइंटागणिक कपात होते, दहा दिवसांनी बिल येते. त्यातून पेंड आणि भुसा वजा केला की जे उरते त्याला घरात सगळे नफा म्हणतात. वैरण कापणे, दोन वेळच्या धारा, शेण काढणे, गाय आजारी पडली तर रात्रभर गोठ्यात बसणे, हे कुणी धरतच नाही. ते धरले तर शेणखत तेवढे आपले, असे आमच्याकडे उघड बोलले जाते.

परंतु एक गोष्ट आपणां सर्वांना सांगण्याजोगी आहे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमांची किंमत धरतो. खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च म्हणजे ए२ आणि त्यात कुटुंबाच्या मजुरीची किंमत मिळवली की ए२ अधिक एफएल. २०१८-१९ पासून हमीभाव याच बेरजेच्या किमान दीडपट जाहीर होतो. त्यात जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरावे की नाही, यावर शेतकरी संघटनांचे भांडण आजही चालू आहे, पण घरच्या मजुरीबद्दल वाद नाही. ज्वारी खुरपणाऱ्या बाईचे श्रम दिल्लीतील आयोग मोजतो, तर चकली पाडणाऱ्या बाईने स्वतःचे श्रम मोजायला कचरू नये.

तिरकस

घाटमाथा यांच्या प्रतिसादानंतर मी भाजणीच्या चकलीला हमीभाव मिळावा अशी मागणी करतो. दीडपट नको, घरपोच असावी एवढेच.

शेवग्याची_शेंग (ठाणे)

आयोगाचा दाखला मला ठाऊक नव्हता आणि तो वजनदार आहे. तरीही हमीभाव जाहीर होतो म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला तो मिळतोच असे नाही, हे घाटमाथा यांना माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. खर्च मोजणे एक आणि बाजाराने तो देणे दुसरे.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

बाजाराच्या प्रश्नाबद्दल अनुभवाने लिहितो. आम्ही कोकमे, आगळ आणि फणसपोळी करतो. आरंभी एका मोठ्या शहरातील दुकानात माल ठेवला. दुकानदाराने किमतीच्या पाव हिस्सा कापून घेतला, पैसे दोन-दोन महिने लांबवले आणि न खपलेला माल मुदत संपल्यावर परत पाठवला. नंतर प्रदर्शनांत गाळे घेतले. गर्दी चांगली होते, पण गाळ्याचे भाडे, प्रवास आणि राहणे यांत पहिल्या दोन दिवसांची विक्री जाते. सध्या आम्ही थेट नोंदणीवरच विकतो. दर वाढवला तेव्हा काही गिऱ्हाइके सुटली, हे नाकारत नाही. परंतु जी सुटली ती दर वर्षी घासाघीस करणारी आणि पैसे उशिरा देणारी होती.

फराळाच्या बाबतीत मी असे सुचवीन की, दर वाढवण्याबरोबर संख्येला मर्यादा घालावी. दसऱ्यापर्यंत निम्मे पैसे आगाऊ घेऊन नोंदणी, वसुबारसेपर्यंत वाटप, आणि ठरलेले किलो भरले की नम्रपणे नकार. पुढच्या वर्षी तीच माणसे नवरात्रातच फोन करतात.

केळफूल (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे घड्याळ लावून प्रत्येक पदार्थाचे तास लिहिले. हिशेबनीस यांचा अंदाज बरोबर निघाला: चिवड्यात तासाला दोनशेच्या वर सुटतात, चकलीत साठच्या आसपास आणि अनारशांत चाळीससुद्धा नाहीत. अनारसे आता किलोवर न विकता नगावर आणि फक्त आगाऊ नोंदणीने देणार आहे. चकलीचा दर ४६० केला. खर्च तेवढाच राहिला तर अकरा तासांना ९४५ रुपये, म्हणजे तासाला साधारण ८५ पडतात. पोळ्यांच्या बाईंचे ८० त्यातून जेमतेम निघतात आणि व्यावसायिक सिलिंडर घेतला की ते पाच रुपयेही जातील, त्यामुळे वर्षभर चकली विकायची की चिवडाच वाढवायचा, हे अजून ठरत नाही.

सासूबाईंनी मजुरी घेण्यास साफ नकार दिला आहे. मात्र तासांची वही त्यांनी दोनदा मागून घेतली आणि भाजणी भाजायचे तास मी कमी लिहिले आहेत, अशी दुरुस्ती पेन्सिलने केली.

आता एक उपप्रश्न उरला आहे. बाईंना मजुरी तासावर द्यावी की किलोवर?

चौदा_अंकी (कोल्हापूर)

आमच्याकडे दोन्ही प्रकार करून झाले. तासावर दिली तर काम रेंगाळते असे म्हणतात, पण तळणीच्या कामात मला ते दिसले नाही, कारण कढईच माणसाला पळवते. किलोवर दिली की घाण्यात जास्त चकल्या कोंबल्या जातात, तेल थंड पडते आणि चकली तेल पिऊन मऊ राहते. म्हणून तळणाला तासाची मजुरी द्यावी. पाकिटे भरणे आणि लेबले चिकटवणे ही कामे नगावर द्यायला हरकत नाही. तिथे घाई झाली तरी फार तर लेबल तिरके लागेल.

हिशेबनीस (नाशिक)

चौदा_अंकी यांच्याशी सहमत. फक्त आधीच एक ठरवून घ्या: मोडलेल्या चकलीचे नुकसान बाईंच्या मजुरीतून कापायचे नाही. चकली तुटते ती बहुधा मोहन कमी-जास्त झाल्याने किंवा पीठ नीट न मळल्याने, आणि पीठ भिजवण्याचे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला देतील असे वाटत नाही. मोडकी चकली वेगळ्या पाकिटात कमी दराने विका. आमच्याकडे तिला अख्ख्या चकलीपेक्षा जास्त मागणी आहे, कारण ती थेट दह्यात घालता येते.

तिरकस

मोडक्या चकलीची दोन पाकिटे माझ्या नावावर लिहून ठेवावीत. निम्मे पैसे आगाऊ पाठवतो.